उन्हं तापायच्या आत

संपादकांनी होळीच्या सुमारास फोन करून या अंकाचा विषय सांगितला : उन्हाळा, घराबाहेरचा. कुणी कोकणातल्या आमरायांवर लिहिणार होतं, कुणी भंडारदऱ्याच्या काजव्यांवर. मी बीड जिल्हा मागून घेतला. एक सायकल आणि एक वल्ह्यानं चालणारी छोटी कयाक, एवढ्यावरच तिथला उन्हाळा बघायचा असं मनाशी ठरवलं. ‘बीडच्या उन्हाळ्यात नाव कुठं चालवणार?’ हा प्रश्न त्यांनी तेव्हाच विचारला आणि पुढं भेटलेल्या जवळपास प्रत्येकानं विचारला.

प्रश्न रास्तच आहे. उन्हाळा आणि बीड हे दोन शब्द एकत्र आले की महाराष्ट्राला टँकर आठवतो, चारा छावणी आठवते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, कारण लातूरला पाणी देणारं मांजरा धरण आटलं होतं. ते धरण बीड जिल्ह्यातच आहे, केज तालुक्यात धनेगावला. त्याच्या आदल्या वर्षी परळीचं औष्णिक वीज केंद्र पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं होतं. अशा जिल्ह्यात उन्हाळ्याची मजा शोधायला जायचं म्हणजे काहींना ते बरं दिसणार नाही, हे मला ठाऊक होतं.

तरी मला बीडच हवं होतं, ते माणसांसाठी. इतर ठिकाणी मे महिन्यात लोक गाव सोडून थंड हवेकडं जातात. बीडमध्ये मे महिन्यात गाव भरतं. दसरा झाला की इथून लाखोंच्या संख्येनं ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्राकडं आणि कर्नाटकाकडं निघतात. नवरा-बायकोचा एक कोयता, सोबत लहान पोरं, बैलं, भांडीकुंडी. साखर कारखान्यांचे पट्टे पडले की पाडव्याच्या मागंपुढं सगळे परततात. मग लग्नं, घरांची डागडुजी, जत्रा. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर या तालुक्यांतल्या कितीतरी वस्त्यांवर वर्षातले हेच दोन-तीन महिने सगळी पोरं एकत्र असतात. उन्हाळ्याची सुट्टी हा शब्द त्यांच्यासाठी शाळेपेक्षा उसाच्या फडाशी जास्त जोडलेला आहे.

चढ आधी, उतार नंतर

बीड शहर बिंदुसरा नदीवर, बालाघाटच्या डोंगरांना पाठ लावून वसलंय. सायकलवाल्यासाठी ही मांडणी फार सोयीची आहे. सोलापूरच्या दिशेनं निघालं की आधी खजाना विहीर लागते, मग पाली आणि बिंदुसरा धरण, मग मांजरसुंब्याचा घाट. जाताना चढ, येताना उतार.

उन्हाळ्यात या क्रमाला फार किंमत आहे. बीडची एप्रिल-मेमधली हवा कोरडी असते. कोरड्या हवेत घाम पटकन उडतो आणि उडताना कातडी गार करतो. ताशी अठरा-वीस किलोमीटरनं सायकल चालली की चाळिशीकडं झुकलेल्या तापमानातही अंगावर वारा येत राहतो. चढावर वेग सात-आठवर आला की हा वारा थांबतो, पायांची मेहनत मात्र दुप्पट होते. तापलेल्या दिवसात माणूस कोसळतो तो बहुधा चढावर किंवा चढ संपवून थांबल्यावर. म्हणून चढ अंधारात सुरू करायचा आणि उजाडता उजाडता संपवायचा. मे महिन्यात इथं सूर्य सहाच्या थोडं आधी उगवतो. साडेपाचला रस्ता दिसायला लागतो आणि नऊ वाजले की डांबराची धग पायांना लागते. मेच्या मध्यावर तर सूर्य बीडच्या बरोबर डोक्यावरून जातो. भर दुपारी माणसाची सावली त्याच्या पायाखाली नाहीशी होते. त्या वेळी उघड्यावर असण्याचं काहीच कारण नाही.

धुळे–सोलापूर महामार्ग चौपदरी झाल्यापासून सायकलवर त्याचा आनंद घेता येत नाही. ट्रकची रांग असते आणि कडेची जुनी झाडं रुंदीकरणात गेली. बीडचे सायकलवाले म्हणून जमेल तिथं जुना रस्ता आणि गावांतून जाणाऱ्या वाटा धरतात. त्यांच्यात डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत, बँकेतले कर्मचारी आहेत, आणि पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं तर पहाटे कुठल्याही रस्त्यावर दिसतातच. पळणाऱ्या या पोरांना प्रेरणा कुणाची, हे विचारावं लागत नाही. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी रोज सहा किलोमीटरवरच्या शाळेत चालत-पळत जायचा. त्यानं २०२२ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसचं रौप्य आणि पुढच्या वर्षी आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं. त्याची पहिली मैदानं म्हणजे याच जिल्ह्यातले रस्ते.

खजाना विहिरीशी मी पहिल्या उजेडात पोचले. निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात, सलाबत खानानं ही विहीर बांधवून घेतली. राजा भास्कर हा तिचा स्थापत्यकार होता असं सांगतात. विहीर रुंद आहे आणि पाणी हाताशी आहे. जमिनीखालच्या भुयारी पाटांनी पाणी तिच्यात येतं आणि तशाच पाटानं पुढं शेतांकडं जातं. मोट नाही, पंप नाही. उताराचा नेमका अंदाज घेऊन पाणी आपल्या वजनानंच चालतं केलंय. मोटारीतून जाणाऱ्याला ही विहीर दिसतसुद्धा नाही. सायकलनं गेलं की जमिनीचा उतार मांड्यांना कळतो, आणि मग त्या स्थापत्यकारानं काय ओळखलं होतं तेही कळायला लागतं.

घाटाच्या अंगानं कपिलधारला उतरणारा फाटा आहे. मन्मथ स्वामींची समाधी तिथं आहे, आणि कार्तिकात मोठी यात्रा भरते. पावसाळ्यात धबधब्यासाठी झुंबड उडते. मे महिन्यात धबधब्याच्या जागी काळ्या कातळावर ओलाव्याची रेघ असते आणि दरीत गर्द सावली. गर्दी नसते. डोंगरावरच्या सीताफळींची पानं झडलेली असतात. बालाघाटचं सीताफळ म्हणजे बीडची ओळख. २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण झाड निष्पर्ण असताना जे दिसतं ते मला फळाइतकंच आवडलं : कातळाचे एकावर एक थर, मधले तांबूस मातीचे पट्टे, ओढ्यांनी कोरलेल्या घळी. पावसाळ्यात हे सगळं हिरव्याखाली झाकलेलं असतं. बालाघाटची हाडं बघायची तर उन्हाळ्यातच यावं.

मांजरसुंब्याला चहा घ्यायला थांबले तेव्हा हॉटेलवाल्या काकांनी पहिला प्रश्न केला, “ताई, गाडी बंद पडली का?” मोठं माणूस, त्यातून बाई, सायकलवर आहे म्हणजे काहीतरी अडचण असणार. नाही म्हटल्यावर त्यांनी चहाआधी माठातलं पाणी दिलं आणि चहाचे पैसे घेईनात. पुढं लिंबागणेशाच्या दिशेनं निघाले तेव्हा रसवंती उघडायची होती, पण ताक मिळालं. उन्हाळ्यातल्या सायकलवाल्याला ताक-मिठाइतकं सोसणारं दुसरं पेय मला माहीत नाही. नुसतं पाणी पीत राहिलं तर घामातून गेलेलं मीठ भरून निघत नाही, डोकं जड होतं आणि पायात गोळे येतात. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा आणि ताक एवढी शिदोरी जवळ असली की महागडी पाकिटं लागत नाहीत.

काटा

बीडमध्ये सायकलचा खरा शत्रू ऊन नव्हे, काटा. देशी बाभळीचा लांब पांढरा काटा, वेड्या बाभळीचा आखूड पण टणक काटा, आणि सगळ्यांत वाईट सराटा. जमिनीलगत पसरणाऱ्या या वेलीची वाळलेली फळं उन्हाळ्यात वाटेवर विखुरतात आणि कशीही पडली तरी एक टोक वर राहतं. कालव्याच्या कडेचा मुरमाचा सेवारस्ता दिसायला सायकलसाठी सगळ्यांत सुंदर : गाड्या नाहीत, मधूनमधून झाडं, शेजारी पाणी. पण तिथं सराट्याचा सडा असतो. शहरी सायकलची हलकी, पातळ टायरं इथं चालत नाहीत. जाड टायर, ट्यूबमध्ये भोक आपोआप बुजवणारा चिकट द्राव, जवळ दोन जादा ट्यूब आणि हातपंप हवाच.

गेवराईकडं जाताना एका सायकलच्या दुकानात बराच वेळ बसले. मालकांचे वडीलही हेच काम करायचे. घमेल्यात पाणी, त्यात दाबलेली ट्यूब, बुडबुडे आले की तिथं खूण, मग कानस घासून ठिगळ. बोलता बोलता त्यांनी एका चाकाचा आऊट काढला. बोटांच्या चिमटीत एकेक स्पोक धरून, अर्धा फेरा इकडं, पाव फेरा तिकडं. पूर्वी उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे या दुकानाचा हंगाम असायचा. तासावर सायकली भाड्यानं जायच्या. पोरं आधी नळीच्या खालून पाय घालून कैची शिकायची, मग दांडीवर, मग सीटवर. आता भाड्याच्या सायकली कुणी ठेवत नाही. दुकानात येतात त्या बहुतेक शाळेतल्या मुलींच्या.

या मुलींच्या सायकली म्हणजे जिल्ह्यातला सायकलचा सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत दुर्लक्षित इतिहास आहे. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकल मिळते. ज्या गावांत मुलीचं शिक्षण सातवीनंतर थांबायचं आणि लग्न उरकलं जायचं, तिथं या सायकलीनं काय केलं हे कुठल्याही हमरस्त्यावर शाळेच्या वेळी उभं राहिलं की दिसतं. पण उन्हाळ्याची सुट्टी लागली की याच सायकली ओसरीला टेकवून ठेवतात, नाहीतर धाकटा भाऊ घेऊन जातो. एका वस्तीवर नववीतल्या एका मुलीला विचारलं, सुट्टीत सायकल कुठं नेतेस? ती म्हणाली, “शाळाच नाही तर कुठं जायचं?” आई शेजारीच होती. तिनं हसून मान हलवली.

तिच्या घरापासून तलाव दोन किलोमीटरवर आहे. तिथं ती कधी सायकलनं गेली नव्हती. शाळेला जायला सायकल मिळाली तशी नुसतं भटकायलाही मुलीला सायकल मिळावी, असं मला मनापासून वाटतं. कामाशिवाय घराबाहेर असण्याचा हक्क मुलग्यांना न मागता मिळतो.

विहिरीवर

पाण्यातला खेळ बीडला नवा नाही. तो कयाकच्या कितीतरी आधीपासून विहिरींवर चालत आलाय. जिथं पाणी टिकलंय अशी एखादी परसातली विहीर असते आणि सकाळी दहाच्या सुमाराला तिच्यावर आसपासची सगळी पोरं जमतात. नवशिक्याच्या पाठीला पूर्वी वाळलेला भोपळा बांधत, नंतर पत्र्याचा बंद डबा आला, आता तेलाचा रिकामा प्लॅस्टिक कॅन किंवा ट्रॅक्टरची ट्यूब. शिकवणारा काका नाहीतर मोठा भाऊ. दोरी कमरेला, दोरीचं टोक काठावरच्या हातात. दोन-चार दिवसांत दोरी सुटते, मग कॅन सुटतो, मग सूर मारायचा, मुटका मारायचा. मुटका मारून सगळ्यांत उंच पाणी कुणी उडवलं यावर दिवसभर वाद.

विहिरीवर पोहणं शिकलेला पोरगा खोल पाण्याला भीत नाही, कारण विहिरीला उथळ बाजूच नसते. पण अशा विहिरी कमी होत चालल्यात. बोअरनं भूजल खाली गेलंय आणि एप्रिलातच तळ दिसतो. त्यांच्या जागी शेततळी आलीत, आणि शेततळं हा पोहण्याच्या बाबतीत सापळा आहे. पाणी मुरू नये म्हणून आत प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो. ओला झाला की त्यावर शेवाळ धरतं आणि उताराच्या भिंतीवर हात-पाय ठरत नाही. पट्टीचा पोहणाराही बाहेर येऊ शकत नाही. दरवर्षी यात मुलं जातात. ज्यांच्या शेततळ्यावर मी गेले त्यांनी चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर आत सोडून ठेवले होते. हे सगळ्यांनीच केलं पाहिजे. खर्च फक्त दोराचा आहे.

मुली मात्र विहिरीवर दिसल्या नाहीत. एका ठिकाणी दोघी काठावर बसून धाकट्या भावांचे कपडे सांभाळत होत्या.

पाण्याचा हिशेब

कयाक फुगवण्याआधी एका प्रश्नाला सरळ भिडायला हवं. जिथं प्यायला पाणी पुरत नाही तिथं पाण्यावर खेळणं शोभतं का?

बीडच्या उन्हाळ्यात पाणी कसं राहतं ते आधी बघू. माजलगावचं धरण सिंदफणेवर आहे, पण त्याची खरी भिस्त पैठणवर आहे. जायकवाडीच्या नाथसागरातून निघालेला उजवा कालवा गेवराई तालुक्यातून येऊन माजलगावच्या जलाशयात पाणी ओततो. म्हणजे नाशिक-नगरकडं पाऊस चांगला झाला, तिकडची धरणं भरून जायकवाडी भरलं, तर माजलगावला आधार मिळतो. उन्हाळ्यात हे पाणी तीन वाटांनी जातं : पिण्याला, शेतीच्या आवर्तनाला आणि आभाळाला. तिसरी वाट कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. मे महिन्यात उघड्या जलाशयाची पातळी नुसत्या बाष्पीभवनानं रोज सुमारे एक सेंटिमीटर उतरते. हजारो हेक्टरांच्या पसाऱ्यावर एक सेंटिमीटर म्हणजे काय होतं, याचा विचार करून पाहावा.

पाणी मागं सरकलं की गाळाची जमीन उघडी पडते. त्यावर गाळपेर होते : कलिंगड, काकडी, भुईमूग, चारा. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत ट्रॅक्टर येऊन गाळ उपसून शेतांत नेतात. मच्छीमारांच्या सोसायट्यांची जाळी पाण्यात असतात. म्हणजे उन्हाळ्यातला जलाशय रिकामा पडलेला नसतो. त्याच्यावर चारी बाजूंनी माणसं जगत असतात, आणि पाहुण्यानं तिथं जायचं ते हे ओळखून.

आता कयाक. तिला इंजिन नाही, तेल नाही, लाट नाही. ती पाण्याचा एक थेंब खर्च करत नाही. बुडते ती जेमतेम वीतभर, त्यामुळं मोटरबोट जिथं तळाला टेकेल तिथं ती सरकत जाते. आटत चाललेल्या पाण्यावर शोभेल असं वाहन दुसरं नाही. माझं उत्तर म्हणून ठाम आहे : शोभतं. पाणी म्हणजे रांग, हंडा आणि भांडण एवढंच ज्या मुलांनी पाहिलं, त्यांना पाण्याशी दुसरं नातं जोडायला मिळालंच पाहिजे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ दुष्काळी गावचा. विहिरी खोदायच्या कामावर गेलेला मुलगा. सैन्यात भरती झाल्यावर पुण्यात त्याच्या हातात पहिल्यांदा वल्हं आलं, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तो एकेरी नौकानयनात तेरावा आला. त्याच पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबचा रेगाटा १९२८ पासून होत आलाय. वल्हं मारण्याची ताकद बीडच्या पोरांत कमी आहे असं कोयता चालवणारे हात पाहिलेला माणूस म्हणणार नाही.

गोदावरीच्या फुगवट्यावर

धरणाच्या जलाशयात परवानगीशिवाय उतरता येत नाही, आणि ते योग्यच आहे. मी गोदावरी निवडली. जिल्ह्याची उत्तरेकडची हद्द हीच नदी आखते. गेवराई तालुक्यातलं राक्षसभुवन हिच्याच काठावर. १७६३ च्या ऑगस्टमध्ये नदीला पूर असताना निजामाचं सैन्य दोन तीरांवर विभागलं गेलं आणि माधवराव पेशव्यांनी अलीकडच्या तीरावरच्या फौजेचा पराभव केला. आज तीच नदी उन्हाळ्यात बंधाऱ्यांमुळं टिकते. जोगलादेवी, मंगरूळ, लोणी सावंगी, ढालेगाव अशा बंधाऱ्यांच्या मागं पाण्याचे लांबच लांब फुगवटे तयार झालेत. कमी पावसाच्या वर्षी तेही आटतात, पण बऱ्या वर्षी मे महिन्यातही पाणी असतं, शांत आणि संथ.

माजलगाव तालुक्यातल्या काठावरच्या एका गावात पहाटे पोचलो. पुण्याच्या मैत्रिणीची हवा भरायची कयाक होती, पाठीवरच्या पिशवीत मावणारी. हातपंपानं ती फुगेपर्यंत निम्मं गाव जमलं. भोई समाजातले एक मामा सोबत यायला तयार झाले. त्यांचं वाहन थर्माकोलचं : जाड तुकडे एकमेकांवर रचून, जुन्या जाळ्यात आणि पोत्यांत करकचून बांधलेला चप्पू. त्यावर मांडी घालून बसायचं आणि फळीच्या तुकड्यानं पाणी मागं लोटायचं. त्यांनी आमच्या नावेकडं बघितलं, बोटानं दाबून पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, “काटा लागला तर?”

त्या प्रश्नाचं वजन पाण्यात गेल्यावर कळलं. फुगवट्याखाली जुन्या बाभळी उभ्या वाळलेल्या आहेत. पातळी उतरली की त्यांचे शेंडे पाण्याच्या पृष्ठभागाशी येतात, कुठं दिसतात, कुठं नाही. मामा पुढं आणि आम्ही त्यांच्या मागोमाग गेलो. या पाण्यावर कयाक आणायची तर घट्ट प्लॅस्टिकची, वर बसायची, उलटली तरी पाणी न धरणारी हवी.

वल्ह्याच्या दोन्ही टोकांना पातं असतं. एक डावीकडं, एक उजवीकडं. नवीन माणूस दंडांनी ओढतो आणि पंधरा मिनिटांत थकतो. पातं पायाच्या बोटांजवळ पाण्यात घालायचं आणि कमरेपासून अंग वळवायचं, म्हणजे पाठ काम करते आणि हात नुसते धरून राहतात. बसायची जागा पाण्याच्या पातळीलगत असल्यानं नदी एकदम मोठी होते. काठावरची माणसं उंच दिसतात. खंड्या आपल्या डोळ्यांच्या रेषेत उडतो. पाण्याचा वास येतो, आणि कुठं गार झरा आत येतोय ते नावेच्या तळातून मांडीला कळतं.

मधल्या वाळूच्या बेटावर उतरायचा मोह झाला. मामांनी अडवलं. टिटव्या ओरडत होत्या, नदी सुरय डोक्यावर घिरट्या घालत होते. हे पक्षी उन्हाळ्यातच उघड्या वाळूवर अंडी घालतात, वाळूच्याच रंगाची. पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. शिवाय आपण घरट्याजवळ थांबलो आणि पक्षी उठून राहिले तर उन्हानंच अंडी जातात.

परतताना त्यांनी पाण्याचे धोके दाखवले, कुणी आपल्या घराच्या खोल्या दाखवाव्यात तसे. इथं वाळू उपसलेली, कमरेएवढ्या पाण्यातून एकदम दोन पुरुष खोल. तिथं जाळं. तो काठ वरून वाळलेला, भेगा पडलेला, पण खाली गाळ, मांडीपर्यंत रुतवणारा. बंधाऱ्याचं दार उघडलं की पलीकडं ओढ लागते. वाळूच्या खड्ड्यांत मुलं गेल्याच्या बातम्या गेवराईच्या बाजूनं आलेल्या आहेत. २०२२ च्या सप्टेंबरात माजलगाव धरणात पोहायला उतरलेला एक जण बुडाला आणि त्याचा शोध घ्यायला कोल्हापूरहून आलेल्या बचाव पथकातला जवानही दगावला. तरबेज माणसालाही हे पाणी माफ करत नाही. लाइफ जॅकेट चढवल्याशिवाय नाव पाण्यात घालू नये, मग तुम्ही विहिरीवर दहा उन्हाळे काढलेले असोत.

दहाच्या आत आम्ही काठावर होतो. उन्हापेक्षा वाऱ्याची घाई होती. सकाळी आरशासारखं असलेलं पाणी दुपारी पश्चिमेच्या वाऱ्यानं खवळतं, आणि मेमध्ये दुपारनंतर वळीव कधीही येतो. मराठवाड्यात विजेनं दरवर्षी माणसं आणि जनावरं जातात. सपाट पाण्यावर बसलेला माणूस म्हणजे विजेसाठी सगळ्यांत उंच टोक. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपास वीज पडत असल्याची सूचना देतं. मामांच्या मुलाच्या फोनवर ते होतं. मामा मात्र म्हशी काठ सोडून निघाल्या का ते बघत होते.

दुपार पुरुषोत्तमपुरीच्या देवळात काढली. अधिक महिन्यात इथं यात्रा भरते आणि गोदावरीत स्नानाला माणसांचा पूर येतो. एरवी शांत. या देवळाच्या विटा पाण्यावर तरंगतात, अशी त्याची ख्याती आहे. यादव राजा रामचंद्राचा १३१० सालचा ताम्रपट याच गावात सापडला. दगडी गारव्यात एक म्हातारे बाबा झोपले होते आणि गाभाऱ्याबाहेर दोन मुली सागरगोटे खेळत होत्या.

दोन हंगाम

संध्याकाळी पुन्हा काठावर आलो तेव्हा कयाकभोवती पोरांची रांग लागली. मामांनी प्रत्येकाला जॅकेट चढवून, कमरेला दोरी बांधून काठालगत सोडलं, विहिरीवर सोडतात तसंच. एक तेरा-चौदा वर्षांचा मुलगा पहिल्याच फेरीत सरळ रेषेत गेला. पातं बुडवायचं किती आणि सोडायचं कधी हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याची आई काठावर उभी होती. ते सगळे नुकतेच सांगलीकडून परतले होते. त्याची बहीणही पुढं आली. आईनं आधी नको म्हटलं, मग मामांकडं बघितलं, आणि मुलगी बसली. तिला वळवणं जमेना, नाव गोल फिरत राहिली आणि ती हसत राहिली.

निघताना मामांशी हिशेब झाला. दहा जॅकेटं, दोन टणक नावा, बाभळीचे शेंडे काढून साफ केलेला एक घाट आणि ग्रामपंचायतीचा कागद. एवढं असेल तर एप्रिल-मेमध्ये सकाळी दोन तास पोरं शिकवायला ते तयार आहेत. मासे त्याआधीच काढून होतात. मुलींनाही शिकवाल का, विचारलं. त्यांच्या घरातल्या बायका जाळं ओढायला पाण्यात उतरतातच, असं ते म्हणाले.

हा अंक तुमच्या हातात येईल तेव्हा पाऊस होऊन गेलेला असेल. साल बरं असेल तर बिंदुसरा धरणाच्या सांडव्यावरून पाण्याची चादर पडून गेली असेल, गोदावरीचे फुगवटे काठोकाठ असतील, बाभळी आणि वाळूचे खड्डे खोल पाण्याखाली असतील. कयाकला याहून चांगले दिवस नाहीत. पण तेव्हा गाव रिकामं असेल. तो मुलगा आणि त्याची बहीण उसाच्या फडावर असतील, आणि परत येतील ते पाणी पुन्हा उतरायला लागल्यावर, पाडव्याच्या सुमारास. मामांनी घाटासाठी ग्रामपंचायतीत अर्ज दिलाय. त्यावर तारीख घातलीय ती पुढच्या चैत्राची.